बुरशीच्या पेशीतले रस्ते : बिघाडातून उलगडलेला इतिहास



आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल, बुरशीवर तासभर काय बोलणार? बुरशी म्हणजे पावसाळ्यात चपलेवर, लोणच्याच्या बरणीत, शिळ्या पावावर येते ती. पुसून टाकायची आणि विसरायची. पण त्या पावावरच्या कापसासारख्या पुंजक्यातला एकच धागा चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आत अखंड वर्दळ दिसते. बारीक कण पुढे जातात, काही मागे येतात, काही मध्येच थांबून उलटे फिरतात. ही वर्दळ ज्या रस्त्यांवरून चालते त्यांना आपण सूक्ष्मनलिका म्हणतो. हे रस्ते माणसाला कसे कळले, तो इतिहास आज सांगायचा आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण ती पुढे पुन्हा पुन्हा येईल. रस्ता नीट चालू होता तोवर तो कोणाला फारसा दिसला नाही. तो मोडला, तुंबला, वाकडा झाला, तेव्हा दिसला. आणि ज्यांच्या हातून तो मोडला, ती माणसं बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी शोधत होती.

बुरशीची अडचण

आधी बुरशीची अडचण समजून घेऊ. बुरशीचं शरीर तंतूंचं असतं. एका तंतूची जाडी साधारण तीन ते दहा मायक्रोमीटर. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लांबी मात्र वाढतच जाते. आणि हा तंतू वाढतो तो फक्त टोकाशी. मागची भिंत एकदा घट्ट झाली की तिथे वाढ संपली. म्हणजे बांधकामाची जागा एकच, तीही सतत पुढे सरकणारी, आणि सामान मात्र मागे लांबवर तयार होणारं. नवीन रस्त्याचं काम चालू असतं तेव्हा खडी आणि डांबर मागून येत राहतं आणि कामाचं टोक रोज थोडं पुढे जातं, तसंच हे.

हे सामान किती लागतं? न्यूरोस्पोरा क्रासा नावाची नारिंगी बुरशी आहे, पावावर येणारी. तिचा तंतू अनुकूल तापमानात तासाला तीन-चार मिलिमीटर वाढतो. भिंतीचं सामान टोकाशी येतं ते बारीक पिशव्यांमधून, ज्यांना पुटिका म्हणतात. १९७४ मध्ये कॉलिंज आणि ट्रिन्सी या दोघांनी हिशेब मांडला की ही वाढ टिकवायची तर एका तंतूच्या टोकाशी मिनिटाला सुमारे ३८,००० पुटिका येऊन मिसळायला हव्यात. एका मिनिटात, एका टोकाशी, अडतीस हजार!

आता कोणी म्हणेल, पाण्यात शाईचा थेंब पसरतो तसं हे सामान आपोआप पसरत जात असेल. जवळच्या अंतराला ते खरं आहे. पण आपोआप पसरण्याचा एक विचित्र नियम आहे. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. साध्या प्रथिनाच्या रेणूला पेशीद्रवातून असं भटकत एक मिलिमीटर जायला कितीतरी तास लागतात. पुटिका तर रेणूपेक्षा फारच मोठी. तिला दिवसच्या दिवस लागतील. तोवर टोक कुठल्या कुठे गेलेलं असेल. म्हणजे वाहतुकीची काहीतरी व्यवस्था असलीच पाहिजे.

बुलर यांचा प्रवाह

पेशीतला रस वाहतो हे माणसाला खूप आधीपासून माहीत होतं. १७७४ मध्ये बोनावेन्तुरा कोर्ती या इटालियन अभ्यासकानं कारा या पाणवनस्पतीच्या पेशीत रस गोल गोल फिरताना पाहिला होता. बुरशीच्या बाबतीत हे काम कसून केलं ते रेजिनाल्ड बुलर यांनी. बुलर मूळचे बर्मिंगहॅमचे, १९०४ मध्ये कॅनडात विनिपेगला गेले आणि मॅनिटोबा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९०९ पासून त्यांनी बुरशीवरच्या आपल्या संशोधनाचे जाडजूड खंड काढायला सुरुवात केली. सातवा खंड तर १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आला.

बुलर यांनी दाखवलं की तंतूमध्ये आडव्या भिंती असल्या तरी त्यांना मधोमध भोक असतं, आणि त्या भोकांतून पेशीद्रव एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात वाहतं. सगळा तंतू मिळून एक नळ, आणि त्यातून टोकाकडे जाणारा लोंढा. हे निरीक्षण पक्कं होतं, आजही ते खरं आहे. न्यूरोस्पोरासारख्या जाड तंतूंच्या बुरशीत लोंढ्याबरोबर पुष्कळ सामान पुढे जातं.

पण लोंढ्यानं एक प्रश्न सुटत नाही. लोंढा एकाच दिशेनं वाहतो. मग मागे येणारे कण मागे कसे येतात? एकाच ठिकाणी एक कण पुढे चाललाय आणि त्याला चाटून दुसरा मागे येतोय, हे नदीत होत नाही. रस्त्यावर होतं.

टोकाचा पिंड

दुसरा धागा जर्मन भाषेतल्या संशोधनाचा. १९२४ मध्ये ब्रुन्सविक यांनी कोप्रायनस या छत्रीसारख्या बुरशीचे तंतू रंगवले, तेव्हा टोकाच्या अगदी आत एक गडद ठिपका दिसला. त्यांनी त्याला 'श्पिट्झनक्योर्पर' असं नाव दिलं. अर्थ साधा आहे, टोकाचा पिंड. पण रंगवलेला तंतू मेलेला असतो, त्यामुळे हा खरंच पेशीतला भाग आहे की रंगाचा डाग, हे ठरवणं कठीण होतं.

पुढची तीसेक वर्षं तो ठिपका तसाच पडून राहिला. मग फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक आला. त्यात पेशी न रंगवता, जिवंत असताना पाहता येते. १९५७ मध्ये मानफ्रेड गिरबार्ट यांनी जिवंत तंतूच्या टोकाशी तो पिंड पाहिला. आणि त्यांनी नुसता पाहिला नाही, त्याच्यावर नजर ठेवली. पिंड टोकाच्या एका बाजूला सरकला की तंतू त्या बाजूला वळायचा. पिंड नाहीसा झाला की वाढ थांबायची. १९७० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं उलगडा झाला की हा पिंड म्हणजे मुख्यतः पुटिकांची दाट गर्दी आहे. बांधकामाच्या जागेवर उतरवून ठेवलेला माल म्हणा ना. तंतू कुठे वळणार हे माल कुठे उतरतो यावर ठरतं.

माल उतरतो ती जागा सापडली. तो कोणत्या वाटेनं येतो, हे अजून कोणाला दिसलं नव्हतं.

वाकडा तंतू

आता थोडं मागे जाऊ. दुसऱ्या महायुद्धाचा काळ, इंग्लंडमधलं डॉर्सेट, आणि तिथला वेअरहॅम हीथ नावाचा माळ. त्या माळावर पाइनची रोपं जीव धरत नव्हती. जमिनीतच काहीतरी विषारी आहे असा संशय होता. ब्रायन, कर्टिस आणि हेमिंग हे संशोधक त्या मातीतल्या बुरशा तपासत होते. १९४६ मध्ये त्यांनी लिहिलं की तिथल्या एका पेनिसिलियमपासून असा पदार्थ मिळतो, जो दुसऱ्या बुरशीचे तंतू मारत नाही, पण वाकडे करतो. कांदा कुजवणारी बोट्रायटिस नावाची बुरशी आहे. तिचे सरळ वाढणारे तंतू या पदार्थात सर्पिल होऊन गुंडाळले जायचे. म्हणून त्यांनी त्याला 'कर्लिंग फॅक्टर' म्हटलं, म्हणजे कुरळं करणारा घटक.

पुढच्याच वर्षी कळलं की हा पदार्थ नवा नाही. १९३९ मध्ये ऑक्सफर्ड, रेस्ट्रिक आणि सिमोनार यांनी तो एका पेनिसिलियममधून वेगळा काढून ठेवला होता. इथे ऑक्सफर्ड हे माणसाचं आडनाव आहे, विद्यापीठ नव्हे. पदार्थाचं नाव ग्रिसिओफुलव्हिन. नाव ओळखीचं वाटतंय का? १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेन्टल्स यांनी दाखवलं की गिनी पिगला ते तोंडावाटे दिलं तर नायटा बरा होतो. त्यानंतर ते माणसांना देऊ लागले. डोक्यातला नायटा, नखातली बुरशी यांसाठी अनेक वर्षं आपल्याकडच्याही डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली आहे.

म्हणजे बघा, १९५८ मध्ये गोळी हातात होती, रोगी बरे होत होते, पण गोळी बुरशीच्या आत नेमकं काय करते हे कोणालाच माहीत नव्हतं. तंतू वाकडा का होतो? आज आपण म्हणू, वाट मोडली, माल भलतीकडे उतरला. पण त्या वाटेला तेव्हा नावसुद्धा नव्हतं.

रस्त्याला नाव मिळालं

नाव मिळालं १९६३ मध्ये. हार्वर्डमध्ये मायरन लेडबेटर आणि कीथ पोर्टर वनस्पतींच्या मुळांच्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्याआधी पेशी टिकवण्यासाठी मुख्यतः ऑस्मियमचं द्रावण वापरलं जाई, आणि तेही थंडगार. गंमत अशी, म्हणजे गंमत आज वाटते, की सूक्ष्मनलिका थंडीत विरघळतात. पाहायची तयारी करतानाच पाहायची वस्तू नाहीशी व्हायची. १९६३ मध्ये ग्लुटराल्डिहाइड हे नवीन द्रव्य आलं, आणि त्यानं टिकवलेल्या पेशींत लांबच लांब, पोकळ नळ्या दिसल्या. जाडी सुमारे २५ नॅनोमीटर. आपल्या एका केसाच्या जाडीत अशा तीन हजारांवर नळ्या शेजारी शेजारी मावतील. लेडबेटर आणि पोर्टर यांनी त्यांना 'मायक्रोट्युब्यूल' म्हटलं. आपण सूक्ष्मनलिका म्हणतो.

१९६७ मध्ये शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी या नळ्या ज्या प्रथिनाच्या बनतात ते हाती धरलं. त्यासाठी त्यांनी कोल्चिसिन हे विष वापरलं, जे त्या प्रथिनाला चिकटतं. पुढे या प्रथिनाला ट्युब्युलिन नाव मिळालं. त्याचे दोन जुळे भाग असतात, अल्फा आणि बीटा. विटेवर वीट रचावी तशा त्यांच्या जोड्या रचल्या जातात आणि नळी वाढते, जोड्या सुटतात आणि नळी आखूड होते. म्हणजे हा डांबरी रस्ता नव्हे. हा सतत टाकला जाणारा आणि सतत उचलला जाणारा रस्ता आहे. इथेही विषानेच वाट दाखवली, हे लक्षात ठेवा.

शेतातून प्रयोगशाळेत

आता आपल्या ओळखीच्या जागी येऊ, शेतात. १९६८ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीनं बेनोमिल नावाचं बुरशीनाशक बाजारात आणलं. तोवरची बहुतेक बुरशीनाशकं पानावर थर देऊन बसत. हे पानाच्या आत शिरायचं. अगदी थोड्या मात्रेत काम करायचं. पाण्यात गेल्यावर त्याचं एका सोप्या पदार्थात रूपांतर होतं आणि खरं काम तोच करतो. तो पदार्थ म्हणजे कार्बेन्डाझिम. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागाइतदाराला हे नाव सांगावं लागत नाही. बाविस्टिन म्हटलं तरी पुरे. भुरीसाठी फवारणी, पेरणीआधी बीजप्रक्रिया, सगळीकडे ते वापरलं गेलं.

पण या औषधाचं एक दुखणं लगेच दिसलं. १९६९ मध्येच, म्हणजे औषध आल्यावर वर्षभरात, अमेरिकेत काकडीवर्गीय पिकांवरची भुरी बेनोमिलला जुमानेना, अशी नोंद झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे संकट. संशोधकाच्या दृष्टीनं मात्र ही खूण होती. जी बुरशी वाचली तिच्यात काय वेगळं आहे, ते शोधलं की औषध कुठे मारतं ते कळणार.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनला दाविद्से यांनी हे काम घेतलं. त्यांनी ॲस्परजिलस निड्युलान्स ही बुरशी निवडली. ग्लासगोत ग्विदो पोन्तेकोर्वो यांनी या बुरशीचं आनुवंशिक शास्त्र १९५३ पर्यंत उभं केलं होतं, त्यामुळे तिच्यावर काम करायला पाया तयार होता. १९७७ मध्ये दाविद्से आणि फ्लाख यांनी दाखवलं की औषध या बुरशीच्या ट्युब्युलिनला चिकटतं. जी बुरशी औषधाला दाद देत नाही तिच्या ट्युब्युलिनला ते कमी चिकटतं, आणि जी जास्त हळवी तिच्या ट्युब्युलिनला जास्त. पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, अमेरिकेत न्यू जर्सीत रॉन मॉरिस यांच्या प्रयोगशाळेनं हा बदल ज्या जनुकात असतो ते जनुक बीटा-ट्युब्युलिनचं आहे हे सिद्ध केलं.

दरम्यान ग्रिसिओफुलव्हिनचंही कोडं त्याच दिशेनं सुटत होतं. १९७३ मध्ये गल आणि ट्रिन्सी यांनी दाखवलं की ते बुरशीचं केंद्रकविभाजन अडवतं. हे तेच ट्रिन्सी, अडतीस हजार पुटिकांचा हिशेब मांडणारे. केंद्रकाचं विभाजन होताना गुणसूत्रं ओढली जातात तीही सूक्ष्मनलिकांनीच.

तोवर बहुतेकांचं लक्ष विभाजनावर होतं. वाहतुकीचं चित्र १९८० मध्ये स्पष्ट झालं. हॉवर्ड आणि आइस्ट या दोघांनी फ्युझेरियम बुरशीचे तंतू क्षणार्धात गोठवले, म्हणजे आतलं काही हलायला वेळच मिळू नये, आणि कार्बेन्डाझिम दिलेले व न दिलेले तंतू शेजारी ठेवून पाहिले. औषध दिलेल्या तंतूत सूक्ष्मनलिका जवळजवळ नाहीशा झालेल्या. टोकाजवळची मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाकेंद्रं, मागे हटलेली. टोकाचा पिंड गायब. वाढ मंदावलेली. ब्रुन्सविक यांचा ठिपका, गिरबार्ट यांची वळणं, वेअरहॅमचा वाकडा तंतू, हे सगळं या एका चित्रात येऊन मिळालं. रस्ता उखडला की माल टोकाशी पोचत नाही.

त्याच वर्षी ओकली आणि मॉरिस यांनी दाखवलं की ॲस्परजिलसच्या तंतूत केंद्रकंसुद्धा बीटा-ट्युब्युलिनवर अवलंबून राहूनच हलतात.

अडीनडीची जनुकं

रस्ता सापडला. पण रस्ता स्वतः माल वाहत नाही. हमाल कोण?

याचं उत्तर आधी बुरशीत सापडलं नाही. ते सापडलं समुद्रात, माकुळात, म्हणजे स्क्विडमध्ये. माकुळाचा चेताक्षतंतू इतका जाड असतो की त्यातला रस पिळून काढता येतो. अमेरिकेत वुड्स होल इथे त्या रसावर काम करताना १९८५ मध्ये व्हेल, रीज आणि शीट्झ यांनी कायनेसिन हे प्रथिन वेगळं काढलं. ते ऊर्जेचा एकेक रेणू खर्च करत सूक्ष्मनलिकेवर आठ आठ नॅनोमीटरची पावलं टाकतं. १९८७ मध्ये उलट दिशेनं चालणारं डायनिनही मेंदूच्या पेशींतून हाती आलं. ढोबळपणे सांगायचं तर कायनेसिन नळीच्या वाढत्या टोकाकडे जातं आणि डायनिन तिकडून मागे येतं.

पण परीक्षानळीत चालणारं प्रथिन जिवंत पेशीत काय करतं, ते नसलं तर काय होतं, हे माकुळात पाहणं अवघड. इथे बुरशी पुन्हा उपयोगी पडली, आणि तेही वीस वर्षांपूर्वीच्या एका संग्रहामुळे.

१९७० च्या दशकाच्या मध्यात रॉन मॉरिस यांनी ॲस्परजिलसचे असे उत्परिवर्तित वाण जमवले होते, जे कमी तापमानाला नीट वाढतात आणि ४२ अंशाला बिघडतात. ४५ वाण. बहुतेकांत केंद्रकाचं विभाजन बिघडलेलं. मोजक्या काहींत मात्र विभाजन ठीक, पण झालेली केंद्रकं तंतूभर पसरत नव्हती, बीजाणूजवळच गोळा होऊन बसत होती. केंद्रकांचं वाटप या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून या जनुकांना 'नड' असं छोटं नाव पडलं. आपल्या कानाला ते बरोबरच लागतं. अडीनडीला म्हणतो ना आपण, त्यातली नड.

विभाजन हा तेव्हाचा मोठा विषय होता. केंद्रकं कुठे बसतात याचं कोणाला फार वाटत नव्हतं. पण मॉरिस यांनी ते वाण जपून ठेवले. १९९४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत शिन शियांग यांनी 'नड-ए' जनुक उलगडलं, तर ते डायनिनचं निघालं. त्याच वर्षी मायकेल प्लामन यांच्या गटाला न्यूरोस्पोरातही तेच सापडलं. तिथे दोरखंडासारखे पिळलेले तंतू असणारे जुने उत्परिवर्तित वाण होते, आणि त्यांचाही बिघाड डायनिन आणि त्याच्या साथीदारांत होता.

मग १९९५. शियांग आणि मॉरिस यांनी 'नड-एफ' हे जनुक वाचलं, आणि त्याच्या प्रथिनाची मांडणी माणसाच्या एका प्रथिनाशी ४२ टक्के जुळली. माणसातलं ते जनुक दोनच वर्षांपूर्वी, १९९३ मध्ये, ऑर्ली रायनर आणि सहकाऱ्यांनी शोधलं होतं. त्याचं नाव लिस-१. काही बाळं जन्मतात ती मेंदूला वळ्याच नसलेली, गुळगुळीत मेंदूची. या व्याधीला लिसेनसेफली म्हणतात. फिट्स येतात, बौद्धिक वाढ फार कमी होते, आयुष्य बहुधा लहान असतं. लिस-१ जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक गेली तरी हे होतं. जनुक माहीत होतं, पण ते काय करतं हे कळलं नव्हतं.

बुरशीनं धागा दिला. मेंदू घडताना नव्या चेतापेशी आतल्या थरात जन्मतात आणि तिथून बाहेरच्या थराकडे प्रवास करतात. या प्रवासात प्रत्येक पेशीला आपलं केंद्रक ओढत न्यावं लागतं. ओढणारा हमाल डायनिन, आणि लिस-१ त्याचा मदतनीस. बुरशीत मदतनीस नसला की केंद्रकं बीजाणूजवळ अडकतात. बाळाच्या मेंदूत तो अपुरा पडला की चेतापेशी वाटेत अडकतात. बिघाड एकच. बुरशीच्या तंतूत तो फक्त कुतूहलाचा विषय होता, घरात तो एका कुटुंबाचं सगळं आयुष्य बदलतो.

उलट वाटेचा माल

शेवटचा टप्पा थोडक्यात सांगतो. चमकणारी प्रथिनं हाती आल्यावर जिवंत तंतूतली वाहतूक पडद्यावर पाहता आली. १९९५ मध्ये श्टाइनबर्ग आणि श्लिवा यांनी न्यूरोस्पोराचं कायनेसिन वेगळं काढलं. ते प्राण्यांच्या कायनेसिनपेक्षा तिप्पट तरी वेगवान, सेकंदाला दोन मायक्रोमीटरहून जास्त चालतं. आपोआप पसरत जायला पुटिकेला जे अंतर दिवसच्या दिवस लागलं असतं, ते एक मिलिमीटर या वेगानं आठ-नऊ मिनिटांचं काम आहे.

मक्यावर काणी आणणारी उस्टिलॅगो नावाची बुरशी आहे. आपल्याकडे ज्वारीवर, उसावर काणी येते, तिची ही नातेवाईक. २००० पासून जर्मनीत या बुरशीत एंडोसोम नावाच्या पिशव्या तंतूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ये-जा करताना पाहिल्या गेल्या. आधी वाटलं, या पिशव्या बाहेरून घेतलेला माल आत आणतात, एवढंच. पुढे दिसलं की त्या म्हणजे एसटीची गाडी आहेत. प्रथिनं बनवण्याचे संदेश, म्हणजे आरएनए, त्यांच्यावर बसून जातात. प्रथिनं बनवणारे रायबोसोम जातात. २०१५-१६ पर्यंत उस्टिलॅगोत आणि ॲस्परजिलसमध्येही दिसलं की पेरॉक्सिसोम नावाचे पेशीभाग त्यांच्या मागे लटकून जातात. प्रत्येकाला वेगळा हमाल लागत नाही.

आणि डायनिन, जे मागे येणारं, ते टोकाशी पोचतं कसं? २००३ मध्ये शियांग यांच्या गटानं दाखवलं की त्याला टोकापर्यंत नेऊन सोडण्यासाठी कायनेसिनच लागतं. जाणाऱ्या हमालाच्या पाठीवर येणारा हमाल बसलेला असतो.

या उलट वाटेवरून बातमीही येते. २०१४ मध्ये उस्टिलॅगोबद्दल कळलं की मक्याच्या पानात शिरताना टोकाला जे जाणवतं ते मागच्या केंद्रकापर्यंत पोचवायला या एंडोसोमच्या फेऱ्या लागतात. फेऱ्या बंद पाडल्या तर झाडाची प्रतिकारशक्ती दाबणारी प्रथिनं पुरेशी बनत नाहीत आणि रोग नीट लागत नाही. बुलर यांच्या एकेरी प्रवाहानं ज्या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं, मागे येणारे कण का येतात, त्याचं हे एक उत्तर.

समारोप

आता पुन्हा शेतावर येऊन संपवतो. बीटा-ट्युब्युलिन ही सुमारे साडेचारशे अमिनो आम्लांची साखळी आहे. त्यातलं १९८ व्या किंवा २०० व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललं, की रस्ता तसाच चांगला राहतो, पण कार्बेन्डाझिम त्याला चिकटत नाही. शेतात पुन्हा पुन्हा तेच औषध मारलं तर नेमक्या अशाच बुरशा निवडल्या जातात. कृषी सल्लागार औषध बदलून वापरा म्हणतात, किंवा मॅन्कोझेबसारख्या एकाच वेळी अनेक जागी मारणाऱ्या औषधाबरोबर वापरा म्हणतात, त्यामागे हे कारण आहे. द्राक्षावरच्या केवड्याला मात्र कार्बेन्डाझिम कधीच लागू नव्हतं, कारण केवडा आणणारा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही आणि त्याच्या ट्युब्युलिनला ते धरतच नाही.

आणि शाळेत जंतनाशक दिनाला मुलांना जी अल्बेन्डाझोलची गोळी देतात, तीही याच कुळातली. ती जंतांच्या सूक्ष्मनलिका मोडते. मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांमध्येही त्याच २०० व्या जागेवर बदल होऊन औषध बोथट झालेलं आहे. बुरशी असो की जंत, रस्ता जुना आणि सामाईक आहे, आणि त्याच्या कमकुवत जागाही सामाईक आहेत.

इतकं बोलून थांबतो. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : कार्बेन्डाझिम बुरशीच्या सूक्ष्मनलिका मोडतं. मग फवारणाऱ्या माणसाच्या का नाही मोडत?

उत्तर : फार चांगला प्रश्न. आपल्या ट्युब्युलिनला ते खूप कमी चिकटतं, म्हणून ते औषध म्हणून वापरता येतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. जास्त मात्रेत प्राण्यांच्या प्रजननावर आणि गर्भावर त्याचे वाईट परिणाम दिसलेले आहेत. म्हणून हातमोजे आणि मास्क वापरायचा, आणि फवारणी व तोडणी यांत सांगितलेलं अंतर पाळायचं. बुरशीनाशक म्हणजे फक्त बुरशीचं विष, असं धरून चालू नका.

प्रश्न : लिस-१ कळल्यामुळे त्या मुलांवर उपचार झाला का?

उत्तर : नाही. हे स्पष्टच सांगायला हवं. मेंदू घडून गेल्यावर ती वाट पुन्हा चालवता येत नाही. उपचार आहेत ते फिट्स आवरण्याचे, आहाराचे, काळजी घेण्याचे. पण एक गोष्ट मिळाली. असं मूल जन्माला आलं की आई-वडील, आणि आपल्याकडे विशेष करून आई, वर्षानुवर्षं विचारत राहते की माझं काय चुकलं, मी काय खाल्लं, ग्रहणात बाहेर पडले का. आता जनुकाची तपासणी करून सांगता येतं की बहुतेक वेळा हा बदल त्या बाळातच नव्यानं झालेला असतो. काही थोड्या घरांत आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांत मांडणीचा फरक असतो, म्हणून पुढच्या बाळाआधी दोघांचीही तपासणी करून घ्यावी. पण चूक कोणाचीच नसते. एवढं डॉक्टर खात्रीनं सांगू शकतात, आणि ते सांगता येण्यात ४२ अंशाला बिघडणाऱ्या एका बुरशीचा वाटा आहे.